डॉक्टरचं वेगळं ताट

माणूस बघताक्षणी आपल्याला ओळखता येतो, अशी डॉक्टर गोकुळची स्वतःबद्दल पक्की समजूत होती. बजाजनगरातल्या एका खाजगी दवाखान्यात तो अपघात विभाग सांभाळायचा. वाळूजच्या कारखान्यांतून दिवसभर माणसं यायची. कुणाचं बोट प्रेसमध्ये सापडलेलं, कुणाचा पंजा पत्र्यानं कापलेला, कुणाच्या डोळ्यात लोखंडाचा कण गेलेला. गोकुळ दारातूनच पेशंटवर नजर टाकायचा आणि हातमोजे किती घालायचे ते ठरवायचा. तोंडाला दारूचा वास, दंडावर गोंदण, ट्रकवरची नोकरी असं काही दिसलं की मोज्यांचे दोन जोड, वर प्लास्टिकचा एप्रन आणि डोळ्यांना चष्मा. कपाळावर टिळा, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि सोबत आई किंवा बायको असली की एकच जोड, तोही घाईघाईत ओढलेला.

रक्तातून पसरणारे आजार चेहऱ्यावर लिहिलेले नसतात, हे त्याला कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत त्यानं ते सुंदर अक्षरात लिहूनही दिलं होतं. पण परीक्षेचं परीक्षेपाशी राहिलं आणि कामाला लागल्यावर तो शितावरून भाताची परीक्षा करायला लागला. बरं, तो एकटाच असं करायचा असंही नाही. त्याच्या बरोबरीचे निम्मे डॉक्टर तेच करायचे, आणि त्यातल्या कुणाचंच आजवर काही बिघडलं नव्हतं.

"तुमच्या डोळ्यांतच लॅब बसवलीय, डॉक्टर," सुलेखा सिस्टर म्हणायच्या. त्या विभागात सगळ्यांत जुन्या. गोकुळला वाटायचं, कौतुक करताहेत.

एवढं सोडलं तर माणूस गोड होता. दुपारी जेवणाच्या खोलीत गेला की कुणाच्याही डब्यात हात घालायचा. सुलेखा सिस्टरची लसणाची चटणी, एक्स-रेवाल्याची खिचडी, कुणाची अर्धी मोडलेली भाकरी, त्याला काहीही चालायचं. "अहो, उष्टं आहे ते," असं कुणी म्हणालं की तो म्हणायचा, "उष्ट्यालाच चव असते."

हे वाक्य मूळचं त्याच्या ताईचं, रत्नमालेचं.

गोकुळची आई, मनकर्णाबाई, तो अगदी लहान असताना गेली. वडील दिवस उजाडायच्या आत शेतात जायचे. पैठणजवळच्या त्या खेड्यात ताईनंच त्याला वाढवलं, आणि ती स्वतः तेव्हा परकर-पोलक्यातली पोर होती. घरात आईच्या लग्नात आलेलं एक स्टीलचं ताट होतं. काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं, 'सौ. मनकर्णाबाई'. ताई त्या ताटात कालवण-भाकरी कुस्करायची, घास आधी आपल्या तोंडाला लावून बघायची, गरम असला तर फुंकायची, तिखट असला तर त्यात दूध घालायची आणि मग त्याला भरवायची. भावाचं पोट भरलं की उरलेलं ती खायची. गोकुळला पहिलं अक्षर वाचता आलं ते शाळेत नाही, या ताटाच्या काठावर. राखेनं घासून घासून पुढं त्या नावातलं नुसतं 'कर्णा' उरलं, पण ताट ते ताटच राहिलं. ताईचं लग्न झालं तेव्हा तिनं माहेराहून मागून नेली ती एवढीच वस्तू. गोकुळ डॉक्टर झाला, त्याच्या पगाराचे आकडे नातेवाइकांत फिरू लागले, मुली सांगून येऊ लागल्या, पण पैठणला गेला की तो ताईसमोर मांडी घालून बसायचा आणि दोघं त्याच ताटात जेवायचे. दाजी, बद्रीनाथराव, एसटी स्टँडजवळ मोटर रिवायंडिंगचं दुकान चालवायचे. ते हसायचे. "मोठं झालं पन दूध सुटलं नाय याचं," म्हणायचे.

त्या दिवशी सकाळी जो पोरगा आला त्याचं नाव विश्वजीत. प्रेसवर काम करायचा. उजव्या तळहाताला लांब चीर पडली होती. कपाळावर गंध, दाढी केलेली, सोबत आई चंपाबाई आणि तिच्या हातात डब्याची पिशवी. गोकुळच्या डोळ्यांतल्या लॅबनं रिपोर्ट देऊन टाकला. घरंदाज पोरगं, मोज्यांचा एक जोड पुरे.

टाके घालताना कातडी चिमट्यानं धरायची असते. बाहेर दोन पेशंट विव्हळत होते, चिमटा निसटत होता, म्हणून गोकुळनं डाव्या हाताच्या पहिल्या बोटानंच कातडी दाबून धरली. सुई आरपार आली आणि मोज्यातून थेट त्या बोटात गेली. खोल गेली. मोज्याच्या आत लाल ठिपका पसरला.

"साहेब, तुम्हाला टोचलं का?" विश्वजीतनं विचारलं.

"टोचतं रे असं. न्हाव्याला वस्तरा लागतोच कधीतरी."

पण विश्वजीतचा चेहरा उतरला. तो दाराकडं बघत होता, बाहेरचं कुणी ऐकत नाही ना म्हणून. मग हळू आवाजात म्हणाला, "साहेब, मोजा काढा. बोट धुवा. मला एचआयव्ही हाय."

गोकुळनं मोजा काढला आणि नळाखाली बोट धरलं. साबणानं धुतलं, परत धुतलं. पाणी वाहत राहिलं, आणि पाठमोरा राहूनच त्यानं विचारलं, "गोळ्या चालू आहेत?"

"व्हत्या. शिफ्ट बदलली, सुट्टी मिळंना, मंग दोन-तीन महिने खंड पडला."

"आधी का नाही सांगितलंस?" हे मात्र तो जरा मोठ्यानं बोलला.

विश्वजीतच्या डोळ्यांत पाणी आलं. "मागं एकदा पाय कापला व्हता, तवा एका ठिकानी सांगितलं, साहेब. त्यांनी टाके घातलेच नाय. लांबूनच पट्टी फेकली आन दुसरीकडं जा म्हनले. हात कापलाय मव्हा. आज कुठं जानार व्हतो मी?"

या पोरानं दारातच सांगितलं असतं तर आपण काय केलं असतं, हे गोकुळला चांगलं ठाऊक होतं. टाके घातले असते, दोन जोड घालून, चेहरा वाकडा करून. आणि हेही खरं, की उरलेले टाके त्या दिवशी त्यानंच घातले. मोज्यांचे दोन जोड चढवले, चिमटा धरला, शेवटचा टाका नीट येईपर्यंत तो उठला नाही. मग सुलेखा सिस्टरना बाजूला घेऊन त्यानं सगळं सांगितलं. त्यांनी त्याची ड्यूटी दुसऱ्याकडं दिली आणि त्याला रिक्षात बसवून घाटीत, मोठ्या सरकारी दवाखान्यात, पाठवलं. तासाभरात पहिली गोळी त्याच्या पोटात होती.

गोळ्या महिनाभर घ्यायच्या होत्या. रक्त लगेच तपासलं, ते चांगलं होतं, पण त्याचा अर्थ इतकाच की कालपर्यंत काही नव्हतं. पुढं मधेमधे तपासण्या आणि शेवटची सहा महिन्यांनी. तोवर वाट बघायची. शक्यता अगदी कमी आहे, हे गोकुळला घाटीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि तेच वाक्य त्यानं स्वतः कितीतरी जणांना सांगितलेलं होतं. आपल्याला कुणी सांगितलं की ते किती पातळ लागतं, हे त्याला तेव्हा कळलं.

त्याच आठवड्यात रत्नमालाताईला मुलगा झाला.

लग्नाला इतकी वर्षं झाली होती की लोकांनी विचारायचंही सोडून दिलं होतं. दवाखाने झाले, नवस झाले, सगळं करून ताई थकली आणि मग चाळिशीत तिला दिवस राहिले. बाळाचं नाव बद्रीनाथरावांनी आधीच ठरवून ठेवलं होतं, सार्थक. गोकुळ बाळाला बघायला पैठणला गेला तो तोंडात गोळ्यांची कडू चव आणि पोटात मळमळ घेऊन. ताईनं बाळ त्याच्या मांडीवर दिलं. बाळानं डोळे मिटलेलेच ठेवले आणि मामाचं हाताला लागेल ते बोट मुठीत धरलं. नेमकं डाव्या हाताचं पहिलं बोट. जखम केव्हाच भरली होती, शोधूनही सापडली नसती. तरी गोकुळनं विंचू चावल्यासारखं ते बोट ओढून घेतलं.

ताईनं ते बघितलं.

पुढच्या आठवड्यात विश्वजीत पट्टी बदलायला आला, सोबत चंपाबाई. आईसमोर आडपडदा नव्हता, तिला आजार आधीपासून माहीत होता. बोलता बोलता पोरगा म्हणाला, "घरी आईनं मह्या ताटाला नेलपॉलिशचा ठिपका लावलाय, साहेब. पेल्याला बी. मिसळू नाय म्हनून."

गोकुळ तापला. चंपाबाईंना समोर बसवून त्यानं समजावलं. "मावशी, एका ताटात जेवलं, एका तांब्यानं पाणी प्यालं, मिठी मारली, तरी हा आजार होत नाही. पोराला असं वेगळं पाडू नका. मी डॉक्टर सांगतोय तुम्हाला."

चंपाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग भाबडेपणानं विचारलं, "तुम्ही जेवताल का साहेब, त्याच्यासंगं?"

"जेवेन की. बोलवा कधीही."

"मंग या रविवारी या."

"रविवारी भाच्याला बघायला पैठणला जायचंय," गोकुळ म्हणाला. ते खोटं नव्हतं. पण ते सांगताना त्याला जे हायसं वाटलं, ते काही खरं बोलल्याचं नव्हतं.

आणि रविवारी पैठणला काय झालं? ताईनं सवयीनं आईचं ताट मांडलं, कढी वाढली, भाकरी मोडली, आणि गोकुळ म्हणाला, "मला वेगळं वाढ, ताई."

"कामून?"

"तू बाळंतीण आहेस. मी दिवसभर पेशंटमध्ये असतो. इन्फेक्शन असतं."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. कालपरवापर्यंत जगाला एका ताटात जेवायला सांगणारा डॉक्टर स्वतःच्या बहिणीपुढं वेगळी ताटली घेऊन बसला. त्याला कळत नव्हतं असं नाही. भीती वाटत होती, आणि समोर पाळण्यात ते एवढंसं बाळ होतं, ज्याच्यासाठी ताईनं अर्धं आयुष्य काढलं होतं. आपल्यामुळं याला काही झालं तर, हा एकच विचार त्याच्या डोक्यात बसला होता आणि सगळं शिक्षण त्या विचाराच्या बाहेर उभं होतं.

ताईनं ते बाळंतपणाचं कारण मानलं. पण बाळंतपण सरलं, सव्वा महिना झाला, गोकुळच्या गोळ्याही संपल्या, तरी तो ताटाला हात लावीना. बाळाला घेतलं तर कपड्यात गुंडाळून, लांबून. पापा नाही. दाजींनी पुढं केलेला पाण्याचा तांब्या नको, स्वतःची बाटली. मुलगी बघायला जाऊ म्हटलं की, "सध्या नको." कुठंतरी पाणी मुरतंय हे ताईला कळत होतं, पण ते कुठं मुरतंय याचा तिनं लावलेला अर्थ भलताच होता. आणि तो तिनं कुणाला बोलून दाखवला नाही.

तपासणी झाली, चांगली आली. पुढची झाली, तीही चांगली आली. दरवेळी गोकुळ ठरवायचा, आता सांगून टाकू. दरवेळी वाटायचं, शेवटची होऊ दे.

एकदा तो पैठणला गेला तर त्याच्यापुढं नवंकोरं ताट आलं. जाड, चकचकीत, शेजारी तसाच पेला. दोन्ही उकळत्या पाण्यातून काढलेले, अजून ऊन होते. ताटाच्या काठावर भांड्याच्या दुकानातून घालून आणलेलं नाव होतं, 'डॉ. गोकुळ'.

"हे काय गं?"

"तुला येगळं लागतंय ना आता. मंग चांगलं असावं." ताई चुलीकडं तोंड करून बोलत होती. गॅस होता घरात, पण भाकरीला ती अजून चूल पेटवायची. "आम्ही खेड्यातले. हाताला राखंचा वास, शेनाचा वास. तू आता मोठा डॉक्टर. मलाच कळाया पायजे व्हतं आधी."

रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी मनापासून बोलली. भावाला आपली किळस येते हे तिनं मान्य करून टाकलं होतं आणि त्याची सोय लावून दिली होती. गोकुळला विश्वजीतचं ठिपक्याचं ताट आठवलं. बोलायला तोंड उघडलं आणि तो पाणी प्याला.

त्या दिवशी तो परत आला तो स्वतःवर चिडूनच. विभागात एका दारुड्याचं डोकं फुटलेलं होतं आणि त्याच्या मागं एका शाळामास्तरांचा अंगठा कापलेला होता. गोकुळनं दोघांसाठीही स्वतः तेवढेच मोजे, तोच चष्मा, तोच एप्रन घातला, आणि सुई चिमट्यानंच धरली. मास्तर जरा दुखावले. त्यांना वाटलं, आपल्याला काय समजतोय हा. सुलेखा सिस्टरनी गोकुळकडं बघितलं आणि फक्त विचारलं, "लॅब बंद?"

"बंद," गोकुळ म्हणाला.

सार्थकचा सहावा महिना सरत आला. उष्टावणाचा दिवस धरला. बाळाला पहिला अन्नाचा घास मामानं भरवायचा, सोन्याची अंगठी खिरीत बुडवून त्याच्या ओठाला लावायची, हे घरातलं लहान पोरही जाणतं. गोकुळनं फोनवर सांगितलं, "माझी ड्यूटी आहे ताई. तू चुलत्याच्या पोराला बसव मामा म्हणून."

पलीकडून फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई बजाजनगरात त्याच्या खोलीच्या दारात उभी. कडेवर सार्थक, खांद्याला पिशवी, एसटीच्या धुळीनं केस पांढरे. आत आली, बाळाला गादीवर ठेवलं, पाणीही मागितलं नाही.

"मामा जित्ता असताना दुसरा मामा कुठून आनू मी?" ती म्हणाली. "तुला यायचं नसलं तर नको येऊ. उष्टावन नाय व्हनार. मी फकस्त हे द्यायला आले." तिनं पिशवीतून आईचं ताट काढलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. "ठीव तुह्याकडं. मला यात एकटीला जेववत नाय."

ताटाच्या काठावरचं ते घासलेलं 'कर्णा' बघितलं आणि गोकुळ लहान पोरासारखा रडायला लागला. ताई घाबरली. तिनं त्याला असं रडताना आई गेली तेव्हाही बघितलं नव्हतं, तेव्हा आई गेली हे कळण्याएवढाही तो मोठा नव्हता. मग त्यानं सगळं सांगितलं. सुई, बोट, गोळ्या, तपासण्या. पेशंटचं नाव मात्र घेतलं नाही.

"म्हंजी तुला झालाय का तो?" ताईनं विचारलं.

"आतापर्यंत काही नाही. शेवटची तपासणी राहिलीय."

ताईनं त्याचा हात हातात घेतला. "कोनतं बोट?"

त्यानं दाखवलं. तिनं ते उलटंसुलटं करून बघितलं, जणू काटा शोधत होती. मग विचारलं, "एका ताटात जेवल्यानं व्हतो का हा रोग?"

"नाही."

"लेकराला घेतल्यानं?"

"नाही, ताई."

"उष्ट्यानं?"

"नाही."

"हे तुला आत्ता कळलं?"

"आधीपासून माहीत होतं. शिकवतात आम्हाला. मीच लोकांना सांगतो."

ताई त्याच्याकडं बघत राहिली. "मंग मला कामून येगळं केलंस रे?"

गोकुळला खूप काही सांगायचं होतं. की आपण लोकांचे चेहरे बघून मोजे घालत होतो, आणि आता लोक आपला चेहरा बघतील म्हणून लाज वाटत होती. की बाळाच्या अंगाला हात लावताना आपल्याला आपलंच रक्त परकं वाटत होतं. त्यातलं थोडंसं तो बोलला, तुटक तुटक. "डोक्याला माहीत होतं, ताई. हाताला पटत नव्हतं. तुला इतक्या वर्षांनी हे लेकरू झालं..."

"आन मला वाटलं, तुला मही किळस यायली." ताईनं पदरानं डोळे पुसले, मग त्याच पदरानं त्याचेही पुसले. "सहा महिने मी हात घासून घासून कातडं काढलं, गोकुळ. तुला एकदा बी सांगावं वाटलं नाय?"

चूक होती ती चूकच होती, आणि ताईनंही ती उगाच लहान केली नाही. जरा वेळानं तिनं पिशवीतून फडकं सोडलं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. रागात निघाली होती तरी भावासाठी दशम्या करून आणायला ती विसरली नव्हती. तिनं दशमी आईच्या ताटात ठेवली, एक तुकडा मोडला, चटणी लावून अर्धा स्वतः खाल्ला आणि उरलेला अर्धा त्याच्या तोंडापुढं धरला.

"खा," ती म्हणाली. "उष्टं हाय."

गोकुळनं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर तो पत्ता विचारत चंपाबाईंच्या घरी गेला. न सांगता गेला म्हणून घरात धांदल उडाली. विश्वजीत गोळ्या पुन्हा नियमित घेत होता, तब्येत सुधारली होती. चंपाबाईंनी पाहुण्यासाठी वेगळं ताट काढलं, तर गोकुळ म्हणाला, "हे नको. ठिपक्याचं आणा." आणि विश्वजीतच्या समोर बसून त्यानं त्या ताटातली वांग्याची भाजी भाकरीनं उचलली. पोरगा आधी आईकडं बघत राहिला, मग खाली बघून त्याच ताटात जेवायला लागला. जेवणं झाल्यावर चंपाबाई मोरीत बसून ताटाचा तळ नखानं खरवडत होत्या. नेलपॉलिश चिवट होतं, पण निघालं.

उष्टावण ठरल्या रविवारी झालं. शेवटच्या तपासणीचं रक्त गोकुळनं आदल्याच दिवशी दिलं होतं आणि रिपोर्ट सोमवारी मिळायचा होता. सोमवारी तो आला आणि चांगला आला, हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. पण रविवारी ते कुणालाच माहीत नव्हतं. ताईलाही नव्हतं.

पाहुण्यांनी घर भरलं होतं. गोकुळ पाटावर बसला, मांडीवर सार्थक, नवं झबलं घालून, काजळ गालापर्यंत आलेलं. 'डॉ. गोकुळ' नाव घातलेलं ताट ताईनं ओवाळायला घेतलं होतं, त्यात निरांजन आणि हळदकुंकू होतं. जेवायला ते पुढं कुणी वापरलं नाही. खीर होती आईच्या ताटात.

गोकुळनं उजव्या हातानं अंगठी खिरीत बुडवली आणि बाळाच्या ओठाला लावली. सार्थकनं चाटली, तोंड वेडंवाकडं केलं आणि सगळी मामाच्या शर्टावर थुंकली. बायका हसल्या. दाजी म्हणाले, "मामावर गेलंय." गोकुळनं दुसऱ्यांदा भरवलं. या वेळी बाळानं अंगठी सोडली आणि मांडीशी टेकलेला मामाचा डावा हात दोन्ही मुठींत पकडला. त्यातलं पहिलं बोट निवडून काढलं आणि ते तोंडात घालून हिरड्यांनी चावायला लागला.

गोकुळचा दंड ताठ झाला. हात मागं ओढायच्या बेतात होता. एवढ्या गर्दीत ते फक्त ताईला दिसलं. ती निरांजनाचं ताट धरून समोर उभी होती.

"हात धुतलास ना साबनानं?" तिनं हळूच विचारलं.

"धुतलाय."

"मंग राहू दे."

गोकुळनं हात तसाच राहू दिला. बाळ चावत होतं, लाळ मनगटापर्यंत आली होती. त्यानं उजव्या हातानं ताटातली उरलेली, बाळाची उष्टी खीर बोटावर घेतली आणि खाल्ली.